कॅनॉल बारीक झालाय म्हणजे नक्की काय झालंय? कण्यातल्या पोकळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि एमआरआय काढून झाला की रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो, "जरा बघ ना काय लिहिलंय" असं खाली लिहून. एका ऊसवाल्या काकांनी तर सरळ विचारलं, "कॅनॉल बारीक झालाय म्हणे, पण पाणी कुठलं?" हसू आलं खरं, पण प्रश्न वाटला तितका चुकीचा नाही, पाणी असतंच त्यात. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी हे वाचू नका, सल्ला घ्यायला जायच्या आधी वाचा.

हा कॅनॉल असतो कुठे? मणक्याच्या आत का मागे?

एक मणका हातात घेतला असं समजा. पुढे डब्यासारखा जाड गोल भाग असतो, वजन तो पेलतो. त्याच्या मागे हाडाची कमान असते, आणि डबा आणि कमान यांच्या मधे जे भोक राहतं ते एकावर एक मणके रचले की सलग बोगद्यासारखं होतं. तोच स्पायनल कॅनॉल. म्हणजे कॅनॉल ही वस्तूच नाही, ती रिकामी जागा आहे, आणि ही गोष्ट डोक्यात बसली की पुढचं निम्मं आपोआप कळतं, कारण कॅनॉलचे सगळे आजार म्हणजे शेवटी जागेचं भांडण.

भिंती कशाच्या तेही सांगते, कारण रिपोर्टमधले शब्द तिथूनच येतात. पुढच्या भिंतीला मणक्याचा डबा, दोन डब्यांमधली गादी म्हणजे डिस्क, आणि त्या दोघांवरून वरपासून खालपर्यंत गेलेली एक पट्टी. बाजूला दोन छोटे खांब, पेडिकल म्हणतात, आणि दोन मणक्यांच्या खांबांमधे खिडकी राहते ती फोरामेन, नस बाहेर पडते ती तिथून. मागे छपरासारख्या दोन उतरत्या फळ्या, लॅमिना, आणि एका मणक्याच्या फळीपासून खालच्या मणक्याच्या फळीपर्यंत ताणलेला पिवळा पडदा, लिगामेंटम फ्लेव्हम. या पडद्याला पुढे बराच वेळ देणार आहे, कारण लोक गादीलाच सगळे दोष देतात आणि हा मागून गुपचूप जागा खात असतो.

बोगदा सुरू होतो कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकापासून आणि संपतो माकडहाडाच्या जरा वर.

त्यात मज्जा असते ना? म्हणजे नळीत असते ती?

नाही नाही, हा गोंधळ आपल्या शब्दांनी केलाय. मटणाच्या नळीत जी असते, जी आपण टेबलावर आपटून किंवा ओढून खातो, ती अस्थिमज्जा, बोन मॅरो, तिथे रक्त तयार होतं. मज्जारज्जू ही एकदम वेगळी चीज, ती मेंदूचीच खाली आलेली शेपटी. बघायची असेल तर मटणात मानेचा किंवा पाठीचा पीस येतो ना, त्याच्या भोकातून पांढरी मऊ दोरी निघते, ती मज्जारज्जू. आणि ती ज्या भोकातून निघाली तो कॅनॉल. (शाकाहारी लोकांनी माफ करा, पण इतकं स्वस्त मॉडेल दुसरं मिळत नाही.)

माणसाची ही दोरी साधारण ४२ ते ४५ सेंमी लांब आणि जेमतेम करंगळीएवढी जाड. तिच्याभोवती तीन आवरणं असतात. दोरीला चिकटलेलं तलम पाया (इंग्रजी pia, घराचा पाया नव्हे), मग कोळ्याच्या जाळ्यासारखं अरॅक्नॉइड, आणि बाहेर जाड चिवट ड्युरा. पाया आणि अरॅक्नॉइडच्या मधे जे पाणी असतं ते सीएसएफ, काकांचं कॅनॉलचं पाणी ते हेच. मेंदू आणि कणा दोन्ही मिळून हे पाणी साधारण १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन बनवतं, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी बदलून होतं. ड्युराच्या बाहेर आणि हाडाच्या आत अजून एक पोकळी उरते, तिच्यात चरबी आणि शिरांचं जाळं, तिला म्हणायचं एपिड्युरल.

मज्जारज्जू पार कंबरेच्या खालपर्यंत जाते ना?

जात नाही! आणि मला विचाराल तर कॅनॉलबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू एल१-एल२ च्या आसपास संपते (एल म्हणजे कंबरेचे मणके, वरून खाली एल१ ते एल५), म्हणजे शेवटच्या बरगडीच्या थोडं खाली. बोगदा मात्र पुढे जातच राहतो.

असं का, तर पोटात तीनेक महिन्यांचं बाळ असतं तेव्हा दोरी आणि बोगदा सारख्याच लांबीचे असतात, नंतर हाडं भराभर वाढतात आणि दोरी मागे पडते. जन्माला येईपर्यंत तिचं टोक एल३ पर्यंत वर सरकलेलं असतं आणि मग हळूहळू अजून वर. पण नसा तर आपल्या ठरलेल्या खिडकीतूनच बाहेर पडायला पाहिजेत, मग त्या बिचाऱ्या दोरीच्या टोकापासून खाली लांबच लांब लोंबत जातात आणि तो झुबका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून नाव पडलं कॉडा इक्विना, लॅटिनमधे त्याचा अर्थच घोड्याची शेपटी. ड्युराची पाण्याची पिशवी एस२ पर्यंत असते (एस म्हणजे एल५ च्या खालचे, एकमेकांना जुळलेले मणके), म्हणजे एल२ ते एस२ या पट्ट्यात पाणी आहे, तरंगणाऱ्या नसा आहेत, पण दोरी नाही.

यामुळेच कंबरेच्या गादीने दाब आला तर नसा दाबल्या जातात आणि मानेच्या गादीने आला तर मज्जारज्जू दाबली जाऊ शकते. दोन्हीला आपण "नस दबली" एवढंच म्हणतो, पण फरक फार मोठा आहे.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो म्हणतात, खरं का?

वरचं उत्तर वाचलंत तर हे तुम्हीच सांगाल. सुई एल३-एल४ किंवा एल४-एल५ च्या फटीतून घालतात, तिथे दोरी नसतेच, नसा असतात आणि त्या पाण्यात तरंगत असल्यामुळे सुई आली की बहुतेक वेळा बाजूला सरकतात, उकळलेल्या शेवयांच्या पातेल्यात सुई घालून बघा, एखादी शेवई टोचणं अवघडच. जागा शोधायची खूणही सोपी, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे वरचे काठ जोडणारी रेष मनात काढायची, ती साधारण एल४ वरून जाते.

ही पद्धत हाइन्रिश क्विंके या जर्मन डॉक्टरने १८९१ मधे कील शहरात रूढ केली. तपासणीला काही मिली पाणी घेतात, तेवढं शरीर काही तासात परत भरतं. भीती कुठून आली असेल याचा माझा अंदाज असा की मेंदूज्वराच्या पेशंटचं पाणी काढायचे आणि तो आधीच इतका आजारी असायचा की पुढे जे वाईट झालं ते सुईच्या नावावर गेलं. कवटीतलं प्रेशर खूप वाढलेलं असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका असतो, ते डॉक्टर आधी बघतात.

सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर दुखते. त्याचाच परिणाम ना?

हा प्रश्न मला महिन्यातून दहा वेळा येतो, आणि ताई, दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. टोचलेल्या जागी चार-आठ दिवस दुखणं ठीक आहे. पण पाच-पाच, दहा-दहा वर्षं दुखतंय ते त्या सुईमुळे, असं अभ्यासात दिसत नाही, ज्यांची नॉर्मल डिलिव्हरी इंजेक्शनशिवाय झाली त्यांचीही कंबर तशीच दुखते. नऊ महिने पोटाचे स्नायू ताणलेले, नंतर वाकून बाळ उचलायचं, मान खाली घालून दूध पाजायचं, रात्रीची झोप नाही, आणि व्यायामाला कोणी वेळ देत नाही. सुईचं भोक केसाएवढं असतं आणि ते भरतं.

खरा त्रास होतो तो डोकेदुखीचा. ड्युराला पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहिलं तर उठून बसलं की डोकं फुटायला येतं आणि आडवं झालं की थांबतं. याचा पहिला अनुभव घेणाऱ्यांतला एक म्हणजे आउगुस्ट बीअर, स्पायनल भूल ज्याने सुरू केली तोच. १८९८ मधे कीललाच त्याने स्वतःवर प्रयोग करायला घेतला, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि पाणी नुसतं गळून गेलं. मग त्याचा असिस्टंट हिल्डेब्रांट पुढे आला, त्याला पाठीत कोकेन दिलं आणि त्याच्या नडगीवर हातोडी मारून बघितली, पेटता सिगार लावून बघितला, त्याला दुखलं नाही. संध्याकाळी दोघांनी पार्टी केली आणि नंतर बीअर कितीतरी दिवस डोकेदुखीने आडवा. आता सुया खूप बारीक आल्यात त्यामुळे हे प्रमाण कमी झालंय.

स्पायनल आणि एपिड्युरल यातही लोक घोळ करतात. स्पायनलमधे औषध पाण्यात जातं, दोन-तीन मिली पुरतं, पाच-दहा मिनिटात पाय जड. एपिड्युरलमधे सुई ड्युराच्या बाहेरच थांबवतात, बारीक नळी ठेवतात आणि लागेल तसं औषध देत राहतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला कळतं कसं कुठे थांबायचं? तो पिवळा पडदा! सुई त्याच्यात असते तोवर सिरिंज दाबायला घट्ट लागते, पडदा पार झाला की दट्ट्या एकदम सुळकन आत जातो. सगळं काम हाताच्या अंदाजावर, मला अजूनही याचं कौतुक वाटतं.

रिपोर्टमधे कॅनॉलचे आकडे दिलेत, एल४-एल५ ला १० मिमी. ऑपरेशन लागणार का?

आकड्यावर ऑपरेशन ठरत नाही, हे आधी घ्या. आपल्याकडे एमआरआयच्या शेवटी छोटा तक्ता असतो, प्रत्येक लेव्हलला पुढून मागे किती जागा आहे त्याचा. कंबरेत साधारण १५ मिमी किंवा जास्त म्हणजे ऐसपैस, १२ च्या खाली गेलं की अरुंद म्हणायला लागतात आणि १० च्या खाली म्हणजे नक्कीच अरुंद. ही १०-१२ ची भाषा हेंक फर्बीस्ट या नेदरलंडमधल्या न्यूरोसर्जनपासून आली, १९५४ मधे त्याने अरुंद कॅनॉलमुळे चालताना पाय धरतात हा आजार नीट मांडला.

पण एकच मोजमाप म्हणजे खोलीची फक्त लांबी सांगण्यासारखं आहे, रुंदी किती, मधे सामान किती ते कोण सांगणार. एल५ जवळ कॅनॉल बऱ्याच जणांचा तिपानी आकाराचा असतो, मधे जागा मोकळी आणि कोपऱ्यात नस अडकलेली, तिथे मधलं माप चांगलं येऊनही पाय दुखतो. म्हणून हल्ली पाण्याच्या पिशवीचं क्षेत्रफळ बघतात, १०० चौरस मिमीच्या खाली गेलं की लक्ष द्यायचं, ७५ च्या खाली म्हणजे चांगलंच दाटलंय. आणि तरीही ९ मिमी असून मजेत फिरणारे आजोबा मी बघितलेत आणि १३ मिमीवाले शंभर पावलात बसणारेही बघितलेत. काही जणांचे ते पेडिकलचे खांब जन्मापासूनच आखूड असतात, त्यांची खोलीच लहान, मग जरा गादी फुगली तरी त्यांना लगेच कळतं.

डिस्क बल्ज, म्हणजे गादीची कड फुगलेली, हा शब्द वाचून तर घाबरूच नका. ज्यांना काहीच त्रास नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मधे एक मोठा आढावा आला, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज दिसला आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. केस पांढरे होतात तसंच आहे ते.

डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे. तो भरून कसा काढायचा?

महाराष्ट्रात या गॅपने जेवढे पट्टे विकले तेवढे कशानेच विकले नसतील. ऐकणाऱ्याला वाटतं दोन मणके लांब गेलेत, मधे फट पडलीय, आता सिमेंटसारखं काहीतरी भरायचं. असतं नेमकं उलटं, गादीतलं पाणी कमी होऊन तिची उंची घटते आणि मणके जवळ येतात, म्हणजे गॅप कमी झालेला असतो. गादी बसली की तिची कड बाहेर फुगते, मागचा पिवळा पडदा सैल पडून आत दुमडतो, बाजूची खिडकी बुटकी होते. पट्टा बांधून, लटकून, तेल लावून गादी परत फुगत नाही. पण त्याची गरजही नसते, बहुतेकांना आजूबाजूचे स्नायू तयार केले की बरं वाटतं.

गादी एल४-एल५ ची आणि नस दबली एल५ ची? मधे एल४ ची नस का नाही?

हुशार प्रश्न, सहसा इंजिनियर विचारतात. एल४ ची नस एल४ च्या पेडिकलला बिलगून खिडकीच्या वरच्या भागातून बाहेर पडते, आणि गादी असते त्याच्या खाली. म्हणजे गादी फुटेपर्यंत एल४ ची गाडी स्टेशनातून सुटलेली असते. एल५ ची नस मात्र खालच्या स्टेशनला जायला तिथूनच जात असते, नेमकी गादीच्या मागून, ती सापडते. गादी अगदी कडेला, खिडकीत फुटली तर मात्र एल४ च सापडते.

मानेत हिशोब वेगळा कारण मणके ७ आणि नसा ८. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, त्यामुळे सगळ्याच आपल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सी७ आणि डी१ च्या मधून (सी मानेचे मणके, डी छातीचे), आणि तिथून खाली सगळ्या आपल्या मणक्याच्या खालून. म्हणून सी५-सी६ ची गादी सी६ ला त्रास देते. पहिल्या वर्षाला याच्यावर आम्हाला हमखास प्रश्न यायचा आणि हमखास चुकायचा.

गादी कॅनॉलमधे फुटून नस दाबते हे १९३४ मधे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन जोडीने दाखवलं, त्याच्या आधी ऑपरेशनमधे हे तुकडे सापडायचे आणि गाठ समजून काढले जायचे.

बाबा दोनशे पावलं चालले की पाय भरून येतात, पण सायकल मात्र चालवतात. नाटक करतात का?

अजिबात नाही, हे तर या आजाराचं ओळखपत्रच आहे. सरळ उभं राहिलं किंवा मागे झुकलं की कॅनॉल अरुंद होतो, कारण तो पिवळा पडदा. तो रबरासारखा आहे, त्याच्यात इलास्टिनचं प्रमाण खूप म्हणून तर तो पिवळा, पुढे वाकलं की ताणून सपाट होतो आणि सरळ झालं की आखडतो. तरुणपणी तो व्यवस्थित आखडतो, वय झालं की जाड आणि कडक होतो आणि मग आखडायच्या ऐवजी घडी पडून आत घुसतो, ढगळ पँटला गुडघ्यामागे चुण्या पडतात तसा. मागून हा, पुढून गादी, बाजूने झिजलेल्या सांध्यांची वाढलेली हाडं, आणि मधे नसा. चालताना नसांना रक्त जास्त लागतं आणि तिथेच चेपल्यामुळे ते मिळत नाही, मग पाय जड, मुंग्या, पोटऱ्या भरून येणं.

सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो, जागा मोकळी. मॉलमधे ट्रॉलीवर रेलून तासभर फिरणारे आणि घरी परत येताना जिन्याच्या आधीच दम टाकणारे काका याच पंथातले. अशा लोकांना "ताठ चाला" म्हणून रागावू नका, वाकून चालणं हा त्यांच्या शरीराने शोधलेला उपाय आहे.

पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण ते दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, यांना मात्र बसावं किंवा वाकावं लागतं. आणि रक्तवाहिनीवाल्याला सायकलही जमत नाही. विडी-सिगारेट किंवा शुगर असेल तर पायाची नाडी तपासून घ्या, दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

मणका सरकलाय. मग कॅनॉल बंदच झाला असेल?

यात गंमत आहे. मणका सरकणं मुख्यतः दोन प्रकारचं. एकात कमानीचा बारीक भाग तुटलेला असतो, बहुतेक एल५ चा, लहानपणीच, कित्येकदा माहीतही नसतं. डबा पुढे सरकतो आणि कमान मागेच राहते, म्हणजे मधली जागा उलट वाढते! तिथे त्रास होतो तो खिडकीत. दुसरा प्रकार साठीनंतरचा, एल४-एल५ ला, बायकांमधे जास्त, सांधे झिजून अख्खा मणका कमानीसकट पुढे येतो आणि कॅनॉल कात्रीत सापडल्यासारखा चेपतो. म्हणून "ग्रेड १" एवढं ऐकून काही कळत नाही, ते फक्त चतुर्थांशापर्यंत सरकलाय एवढंच सांगतं.

मानेचा कॅनॉल अरुंद असेल तर जास्त धोका का?

कारण तिथे दोरी आहे. मानेत पुढून मागे साधारण १७-१८ मिमी जागा असते, १३ च्या खाली कमी आणि १० च्या खाली फारच कमी. सगळ्यात वर, पहिल्या मणक्यात, एक जुना हिशोब शिकवतात, एक तृतीयांश जागा दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याची, एक तृतीयांश दोरीची, एक तृतीयांश मोकळी. खाली एवढी चैन नाही.

वाईट हे की मज्जारज्जू दबताना बऱ्याचदा मान दुखतच नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, सही बदलते, जानवं किंवा मंगळसूत्राचा फासा घालताना बोटं अडखळतात, पायातली चप्पल निसटून पडते आणि कळत नाही, अंधारात तोल जातो. घरचे म्हणतात वय झालं. हे दिसलं तर मालिश करणाऱ्याकडे मान मोडून घ्यायला मुळीच जाऊ नका, न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जनला दाखवा, ताबडतोब.

रिपोर्टमधे डी८-डी९ लिहिलंय, नेटवर सगळीकडे टी८ आहे. चूक आहे का?

नाही, डी म्हणजे डॉर्सल, टी म्हणजे थोरॅसिक, छातीचे १२ मणके दोन्ही नावांनी तेच. आपल्याकडे डी लिहायची सवय आहे.

पण हा भाग आलाच आहे तर थांबते. छातीतला कॅनॉल सगळ्यात गोल आणि सगळ्यात अरुंद, कारण हातापायांच्या नसांसाठी दोरी मानेत आणि खाली जाडावते, मधे ती बारीक असते म्हणून बोगदाही बारीक. रक्तपुरवठाही डी४ ते डी९ च्या पट्ट्यात कमजोर. त्यामुळे इथे थोडं काही वाढलं की पाय गळतात. आणि आपल्या देशात इथे हमखास आठवायचा तो मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७९ मधेच पाठीला आलेलं कुबड आणि लुळे पडणारे पाय यांचं नातं लिहून ठेवलंय. टीबी डब्यात बसतो, हाड पोखरतो, डबा पुढून बसतो, पू आणि हाडाचा चुरा मागे कॅनॉलमधे येतो. रात्री जास्त दुखणारी पाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, हे असेल तर तीन-तीन महिने पेनकिलर खात बसू नका. एकेटीने, म्हणजे टीबीच्या औषधांनी, हा बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, कोर्स मात्र लांब, वर्षभर तरी, आणि मधे सोडायचा नाही. पाय गळाले असतील तरी वेळेत औषध आणि गरज पडली तर ऑपरेशन यांनी लोक परत चालताना मी स्वतः बघितलेत, आमच्या कामातला तो सगळ्यात गोड दिवस असतो.

ऑपरेशनमधे मागचं हाड काढतात म्हणे. मग मज्जारज्जू उघडी पडत नाही का?

लॅमिना काढतात, म्हणजे छपराच्या फळ्या, आणि त्याबरोबर जाड झालेला पिवळा पडदा. वजन पुढचा डबा पेलतो, त्यामुळे छप्पर काढलं म्हणून घर पडत नाही, फक्त बाजूचे सांधे जास्त खरवडले तर डळमळतं, मग स्क्रू टाकतात. वर ड्युरा तशीच असते आणि त्याच्यावर पाठीचे जाड स्नायू परत शिवतात. आता तर लहान छेदातून थोडंच हाड काढून भागतं. पाठीवर थाप मारली तर काही होणार नाही, भरून आल्यावर.

मध्यरात्री हॉस्पिटलला पळायचं असं काही असतं का?

असतं. मोठी गादी एकदम फुटून सगळी घोड्याची शेपटी एकदम चेपली तर लघवी अडते किंवा कळत नाही, शौचावर ताबा राहत नाही, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो, दोन्ही पायात कळा किंवा ताकद जाते. यातलं काही झालं की उद्या बघू नाही. शक्यतो ४८ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, मोकळं करावं लागतं, उशीर झाला तर पाय सुधारतात पण लघवीचा ताबा परत येईलच असं नाही. लोक लाजून सांगत नाहीत, जांघेतलं कसं सांगायचं म्हणून, आणि डॉक्टरनेही विचारलं नाही तर राहूनच जातं. तुम्ही सांगा.

योगात सुषुम्ना नाडी म्हणतात ती हीच ना?

कण्याच्या मधून वर जाणारी म्हणून लोक जोडतात. मज्जारज्जूच्या अगदी मधे एक केसासारखी नळी असते खरी, पण मोठेपणी ती बहुतेक ठिकाणी बुजलेली असते. ध्यानाचा अनुभव खरा असेल, त्यावर मी काय बोलणार, पण कापून बघितल्यावर सुषुम्ना म्हणून काही वेगळं सापडत नाही.

एक्स-रेमधे स्पायना बिफिडा ऑकल्टा आलं, नेटवर वाचून झोप उडाली.

मागची कमान पोटात असताना मधे जुळायची थोडी राहून गेली, एवढंच. एल५ किंवा एस१ ला खूप जणांत सहज सापडतं आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. नेटवर जे भयंकर फोटो दिसतात तो उघडा प्रकार वेगळा, ज्या नळीपासून पुढे मज्जारज्जू बनते ती गर्भाच्या चौथ्या आठवड्यात बंद न झाल्यामुळे होणारा, आणि म्हणूनच दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घ्या म्हणतात. कळेपर्यंत चौथा आठवडा उलटून गेलेला असतो. कमरेवर केसांचा पुंजका, खड्डा किंवा गाठ असेल तर मात्र मुलाला दाखवून घ्या, दोरी खाली अडकलेली असू शकते.

बाथरूममधे माकडहाडावर आपटले. मज्जारज्जूला धक्का लागला असेल का?

तिथे दोरी नाही, ती वीत-दीड वीत वर एल१-एल२ लाच संपली. पाण्याची पिशवी एस२ ला संपली. त्याच्या खाली बोगद्यात उरते ती चरबी, शेवटच्या काही नसा आणि एक बारीक धागा जो दोरीचं टोक माकडहाडाला बांधून ठेवतो. बोगद्याचं तोंड माकडहाडाच्या वर एका छोट्या फटीत उघडतं, लहान मुलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला त्याच फटीतून भूल देतात. तर माकडहाड दुखणार, चांगलं महिना-दोन महिने दुखणार, बसताना आणि उठताना जास्त. मधे भोक असलेली उशी घ्या, पुढे झुकून बसा, कुंथायला लागू नये असं खा.